फडकं मशीनला लावायचं नाही

चिन्मयी,

मुकुलने अंबडच्या कुत्रेवाल्या ब्रीडरला फोन करून, पिल्लू परत न्यायला आज पाच वाजता बोलावलंय. भिंती पातळ आहेत, मला ऐकू आलं. म्हणून पिल्लू आणि मी एसटीने जाफराबादला लेकीकडे निघालोय. कंडक्टरने विचारलं तर याचं अर्ध्या तिकिटाचंही वय झालेलं नाही, असं सांगेन.

ब्रीडर म्हणालाच होता, "काका, पळत येईल ते घ्या. ते कोपऱ्यातलं बिलकुल लाजरं हाय, लई रडंल." बाकीच्या पाचांनी माझे पाय चाटले. हे एकटंच लांबून संपादकासारखं माझ्याकडे बघत होतं. मी तेच उचललं.

त्याने मुकुलचा बूट चावला, कारण त्याला दात येताहेत. त्या वयात मुकुलने माझा चष्मा चावला होता. आम्ही कुणाला फोन केला नाही. शू ते पेपरावरच करतं. अग्रलेखाचं पान पसरून ठेवत जा.

परवापासून रडतंय, ते तू त्याच्या आईच्या वासाचं फडकं मशीनला लावलंस म्हणून. तुला ठाऊक नव्हतं, कबूल. गेल्या वर्षी तुझ्या सासूबाईंची मागे राहिलेली शाल धुतलीस, तेव्हाही तुला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी गप्प बसलो.

आता माझं जुनं बनियन त्याच्या टोपलीत आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही.

ब्रीडरला चहा पाजून रिकाम्या हाताने पाठव. मी उद्या येईन, पण एकटा येणार नाही.

बाबा