ल्येशेकची फांदी

वुच, २४ जानेवारी

ल्येशेक,

तू बरा असशील, बायको-पोरं बरी असतील, असं धरून चालते. पालिकेच्या नोटिशीची प्रत डब्लिनला पाठवून तीन आठवडे झाले. एक ओळ लिहायला हात मोडतात का तुझे?

गिरणीने कामगारांना दिलेले बागेचे सगळे तुकडे जाणार, बारा मजली घरं येणार. एक मार्चला कुंपण पाडतायत. सभेत पालिकेचा पोरगेला साहेब म्हणाला, "बदल्यात गावाबाहेर जागा दिली ना!" शेजारची गेनोवेफाबाई उठली, वय ब्याऐंशी. "आणि गुडघे? तेपण नवे देताय का?" सगळे हसले.

काल आपल्या तुकड्यावर जाऊन आले. निळ्या दाराची खोपटी तशीच आहे. रविवारी आई तिथे बीटचं सार गरम करायची, आपण पायरीवर बसून ओरपायचो. गिरणीतल्या रंगाचा वास जावा म्हणून बाबा मातीत हात घालून बसायचे. सफरचंदाच्या एकाच झाडावर त्यांनी दोन कलमं बांधली. जुलैत पिकणारं तुझं, कारण तुला धीर नाही. उशिराचं, आंबट, ते माझं. "हालिना, तुझ्या तोंडाला शोभेल असं," म्हणाले. मेल्या, किती हसला होतास!

बाबांच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हा फोनवर मी सांगितलं की तुझी फांदी कापून टाकली. तू फोन ठेवलास, त्याला नऊ वर्षं झाली.

कापली नाही. करवत घेऊन गेले होते, हे खरं. साल जरा खरवडली, मग बसून राहिले. दर जुलैत तुझी सफरचंदं मीच उतरवते. गेनोवेफाबाईला पिशवीभर देते. ती विचारते, "ल्येशेकची ना?" मी म्हणते, "खा गप."

झाड नेता येत नाही, कलमासाठी फांद्यांच्या काड्या नेता येतात. काडीवरचे डोळे फुगायच्या आत कापायच्या, तळघरात ओल्या वाळूत ठेवायच्या, एप्रिलात दुसऱ्या रोपावर बांधायच्या. नव्या जागेत बर्फ पडायच्या आधीच जंगली सफरचंदाचं रोप लावलंय. एकच. दोन्ही कलमं त्याच्यावरच.

कापीन मी. पण कलम बांधायला बाबांनी तुलाच शिकवलं, मला नुसतं सुतळी धरायला उभं केलं. मागच्या वर्षी मी तीन बांधून बघितली. तिन्ही वाळली.

पंधरा फेब्रुवारीला कात्री घेऊन जाणार आहे. एप्रिलात येतोस का, तेवढं लिही. माफीबिफी नको, मलापण मागता येत नाही. हो की नाही. पंधरा तारखेच्या आत.

सुतळी धरून उभी,
हालिना