उलट्या स्टेअरिंगचा ट्रक

दादा,

तरी पण सांगतो, स्टेअरिंग होतं तिथंच राहू द्यायचं होतं. तुमी बाप, त्यात आता गेलात, म्हणून माझं म्हणणं मागं घेत नाय मी. मिलिटरीच्या लिलावातला ट्रक, ड्रायव्हर डावीकडं बसायचा, बसू द्यायचं. पण नाय! "डावीकडं बसून पुढच्या गाडीच्या बाजूनं समोरचं दिसतंय काय रं? आंधल्यावानी चालवायची?" असं म्हणून तुमी परसात झापांचा मांडव घातलात, बैल आंब्याखाली नेऊन बांधलेत, आणि गॅरेजातनं सुटून आलात की रोज त्या धुडाखाली शिरायचात. आई बोलायची बंद झाली होती, आठवतं? जेवायला पण भांडं आपटून बोलवायची.

स्टेअरिंगची पेटी उजवीकडं काय बसेना. मधे इंजिन आडवं येत होतं. मग तुमी ती उलटी करून बसवलीत, खालची बाजू वर. मी म्हटलं, दादा, यानं काय तरी उलटं होईल. "तू पाना दे, अक्कल नको." गाडी चालू होते, तुमी चाक उजवीकडं फिरवता, आणि ती डावीकडं वळून सरळ आपल्याच पेंढ्याच्या उडवीत घुसते. बोनेटवर पेंढा, तुमच्या डोक्यावर पेंढा. आई ओट्यावरनं ओरडते, "घरात तुमचं कोन आयकत नाय, आता गाडी पन आयकंना काय?" एवढ्या दिवसांनी ती बोलली ती अशी. तुमी मात्र इतके हसलात की उतरताच येईना.

तेव्हाच सोडवून सरळ करायची, तर म्हणे करू सवडीनं. ती सवड आलीच नाय. तुमी तशीच चालवायला शिकलात, आणि मला पण शिकवलीत, शेताच्या वाटेनं, खाडीच्या बांधापर्यंत. डावीकडं जायचं तर चाक उजवीकडं. चुकलो की मानेवर चापट. "डोक्याला इचारू नको, हाताला शिकव." शिकवला हात. आणि भात कापणीला यायच्या आत तुमी तापानं गेलात. त्यानंतर ती गाडी चालवू शकेल असा मी एकटाच उरलो.

त्याचं काय झालं ते ऐका. इथं पंजाबात धरणाच्या कामाला डंपरवर लागलो. पहिल्याच फेरीला दरीच्या काठाला आलो आणि हात तुमच्या शिकवणीनं फिरला. एक चाक बाहेर लोंबत होतं. मुकादमानं केसाला धरून उतरवलं. तेव्हापासून मी दुरुस्तीच्या शेडमधे, गाड्यांच्या खाली. पत्र्याच्या खोलीत सगळे आपापल्या गाववाल्यांत रमतात. माझी हिंदी मोडकी, आणि आपलं बोलणं इथं कुणाला कळत नाय. सुटीच्या दिवशी मी धुतलेलेच पाने परत धुतो. चुकलो तर इथं शिव्या मिळतात, पण तुमच्यासारखा वाद कोण घालत नाय.

परवा आईचं पत्र आलं, बहिणीच्या हातचं. पनवेलचा एक गिरणीवाला ट्रक घ्यायला तयार हाय. त्याचा ड्रायव्हर चालवून बघायला बसला आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन आदळला. आता कुणी बसायला तयार नाय. आई म्हणते, "तुज्याबिगर ती कुनाला जुमानत नाय. तू ये, सरळ करून दे, मंग इकू. तवर ऱ्हाऊ दे हुबी." सुटी मागितली तर नोकरीच जाईल, हे तिला कसं सांगू.

खरं तर मी जायची पण गरज नाय. पेटी सुलटी करायची आणि खाली एक लोखंडी पट्टी ठोकून तिला इंजिनाशेजारी जागा करून द्यायची. इथं असल्या पेट्या रोज उघडतो, म्हणून आता कळतंय. पनवेलचा कुठला पण मिस्त्री करील, त्याला फक्त कुठं बघायचं ते सांगायला पाहिजे. दोन ओळींचं काम. त्या दोन ओळी आईला लिहायला कागद घेतला, आणि तुमाला लिहीत सुटलो. हा कागद टाकायला कुठली पेटी नाय.

दादा, ती एकदा सरळ झाली की तिकडं माझ्यावाचून कुणाचं काय अडणार नाय. म्हणून आईला ते लिहिलं नाय. एवढंच कळवलं, की ट्रकवर टाकायला चांगली जाड ताडपत्री घे, चाळीस रुपये पाठवतोय.