न्हाव्याच्या खोलीमागचा खड्डा

२ मार्च
सामान लागलं एकदाचं. जागा झकास! सैनिकांच्या जुन्या प्रशिक्षण तळाची आता बाग झाली आहे आणि मी तिचा माळी. राहायला बागेतच दोन खोल्या. पूर्वी इथे न्हावी बसायचा. नव्या भरतीच्या पोरांचं पहिल्याच दिवशी इथे मुंडण व्हायचं. ते ऐकून बायकोने फरशी तीनदा धुतली. लेक मात्र आल्यापासून हिरवळीवर लोळतेय. तिच्या दम्यासाठीच तर शहर सोडलं. आज दिवसभरात एकदाही खोकली नाही.

५ मार्च
घरामागचं गवत बाकीच्या बागेच्या दुप्पट वाढतं. कापायचं यंत्र तिथेच अडकलं. उलटं करून पाहिलं, तर पात्याला केसांचा गुंता. आखूड, राठ, आणि हाताला ओशट लागणारे. शी! साबणाने दोनदा हात धुतले, तरी जेवताना वास येत राहिला.

फिरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्याने उलगडा केला. तोच इथला न्हावी होता. चाळीस वर्षांचे केस त्याने मागच्या खड्ड्यात लोटले म्हणे. केसांसारखं खत नाही, हे कुठल्याही माळ्याला ठाऊक असतं. किळस गिळून चार घमेली माती उपसली आणि पालकाच्या वाफ्यात घातली. म्हातारा नको नको म्हणत होता. मी कुठला ऐकतोय!

७ एप्रिल
पालक हातभर झालाय! पानात भाजी दिसली की तोंड फिरवणारी माझी लेक, तिने दोनदा मागून खाल्ला. बायकोने चक्क माझं कौतुक केलं.

९ एप्रिल
घासात केस. बायकोला बोललो, तर तिने आपली कमरेपर्यंतची वेणी दाखवली आणि मग माझ्या टकलाकडे पाहून हसली. लेकीचेही केस लांब, मऊ. हा मात्र बोटभर आणि राठ.

वाफ्यात जाऊन देठ मोडला. आत केस. पान फाडलं. शिरांच्या जागी केसच. तिथेच ओकलो. सगळा वाफा उपटून जाळला. घरभर जळक्या केसांची घाण.

१२ एप्रिल
लेक सारखी ठसकतेय. घशात बोटं घालते.

म्हाताऱ्याला गाठलं. रडत रडत बोलला. एका तुकडीला उन्हात मरेस्तोवर पळवलं होतं. एकवीस पोरं गेली. बोभाटा नको म्हणून त्याच खड्ड्यात पुरली. वरून केस लोटायचं काम याचं.

आणि मी त्या मातीत — लेकीला ते — शेण खाल्लं मी.

१३ एप्रिल
सकाळी तिच्या तोंडातून केसाचं टोक. ओढला. हातभर आला, लाळेने बुळबुळीत. संपेना. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले —

डॉक्टर निघालेत. फोनवर म्हणाले, ओढू नका, नुसता धरून ठेवा. डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळून धरलाय, उजव्याने लिहितोय. कुणाला सांगून पटणार नाही म्हणून. बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलंय.

श्वास चालू आहे. बारीक.

केस ताणला जातोय. मी ओढत नाहीये.

दोन वेढे होते बोटाला. आता चार. आतून कुणीतरी — बोट काळंनिळं — सुटत नाही, तिच्या ओठांपर्यंत माझा हात — बायकोला म्हटलं कात्री आण, कात्री —