पाळण्याचा निळा रंग

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या पायांची सूज उतरली का? तिला म्हणावं, पाय वर घेऊन बस आणि दादाला कामाला लाव. मेलवर एवढं लांबलचक लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं.

बाबांनी तुमच्या बाळासाठी केलेल्या पाळण्याचा टाइमलॅप्स, म्हणजे सगळं काम मिनिटभरात पळवणारा व्हिडिओ पाठवला, तर तू एकच ओळ लिहिलीस, "बाबांचा रंग असा का झालाय?" मला रागच आला. लग्नांचे व्हिडिओ करून पोट भरते मी, आणि रंग मला तू शिकवणार! शिवाय दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरलेल्याने हे विचारावं, तेही झोंबलं.

म्हणून ठणकावून कळवलं, की चूक एक्सपोर्टची, म्हणजे फाइल बनवतानाची आहे. ते काही खोटं नव्हतं. व्हिडिओ मी एचडीआर नावाच्या जास्त रंगांच्या फॉरमॅटमध्ये काढला होता. जुन्या फोनला ते रंग झेपत नाहीत. काळं राखाडी होतं, लाल विटतं. आणि तुझा फोन म्हणजे पुराणवस्तूच.

रविवारी तोच व्हिडिओ साध्या फॉरमॅटमध्ये पुन्हा तयार केला. मागचा खिडकीचा पडदा लाल झाला, पाळणा निळाशार झाला. बाबा तसेच राहिले.

मग पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी शेजारी लावली. मधे पाच आठवडे. भिंत दोन्हीकडे तेवढीच पांढरी. बाबा मात्र पिवळे होत गेलेत. रोज त्यांच्या समोर बसून जेवते मी, तरी मला दिसलं नाही. तुला त्या भिकार फोनवरसुद्धा दिसलं. फार रडले रे.

सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. पित्तनलिकेत गाठ आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. गाठ कसली, ते त्यानंतर कळेल. बाबा म्हणाले, "त्याला कळवू नकोस. बायकोचे दिवस भरत आलेत त्याच्या." नाव घेत नाहीत, पण काळजी तुझीच.

घरी आल्यावर बाबा पाळण्यापाशी बसून राहिले. एक बाजू रंगवायची राहिलीय. मी ब्रश उचलला तर म्हणाले, "राहू दे. ती त्याच्यासाठी ठेवलीय."

वहिनीजवळ तिची आई आहे. तू दोन दिवस तरी ये. नवा व्हिडिओ तयार आहे, पण मुद्दाम पाठवत नाहीये.

निळ्या रंगाचा डबा घट्ट झाकून ठेवणारी,
तुझी छोटी