पाववाल्याला घेऊन आलेल्या बायका

बनेद अल-गार, कुवेत

प्रिय हुस्ना,

अठ्ठावीस वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र बाजूला ठेवू नकोस. तुझा फोन नंबर मिळाला आहे, पण हे फोनवर मला बोलता येणार नाही.

माझी तेजस्वी नुकतीच नववीत गेली. इतिहासात पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा. भाजी निवडता निवडता मी तिचं पाठांतर घेते; मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. परवा म्हणाली, नव्या टीचर सांगतात, पॅरिसच्या बायका पाव आणायला गेल्या आणि पाववाल्यालाच घेऊन आल्या. माझ्या हातातली भेंडी हातातच राहिली. हे पुस्तकात नाही गो. हे तुझं वाक्य.

शाळेमागच्या बांधावर बसून तू मला हा धडा शिकवायचीस. पाव महागला, पोरं उपाशी, म्हणून बाजारातल्या बायका भर पावसात राजाच्या महालाकडे पाच-सहा तास चालत गेल्या, वाटेत घराघरातून आणखी बायकांना ओढत. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि मुलांना गाडीत बसवून शहरात आणलं. मी विचारलं होतं, देवाने नेमलेल्या राजाला असं आणतात? आपल्याकडे तर राजा म्हणजे विष्णूचा अंश. तू म्हणालीस, "अगो, लांब होता तोवर देवाचा होता. शेजारी राहायला आला नि कळलं, हाही आपल्यासारखाच घाबरतो." पुढे तो वेष बदलून पळाला, पकडला गेला. मग एका ऑगस्टात लोक शहरातल्या महालात घुसले आणि दीड महिन्यात राजेपणच रद्द झालं. बोर्डात मला नेमका हाच प्रश्न आला. तू सांगितलेलं लिहून मी पास झाले. तू परीक्षेला नव्हतीस.

ते आता लिहिते. अब्बांनी तुझं लग्न ठरवलं, बोर्डाचा फॉर्म भरू देईनात. वर्गातल्या नऊही जणींनी त्या बायकांसारखं तुमच्या दारात जायचं ठरलं. वाटेत माझं घर पहिलं. मी एकेकीला हाक मारत यायचं होतं. मी निघालेच नाही. मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा सोडून येता येईना, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर पूजा सकाळीच आटपली होती. मला अब्बांची भीती वाटली. मी हाक मारली नाही म्हणून बाकीच्याही घरात बसल्या. तू दिवस मावळेपर्यंत ओटीवर उभी होतीस, हे तुझ्या तौफीकभाईंनी नंतर सांगितलं. लक्ष्मीच्या व्रताआड मी खोटं लपवलं. दर मार्गशीर्षात घट मांडताना तेच आठवतं.

शाळेत जाऊन त्या टीचरना गाव विचारलं. जयगड, म्हणाली. नाव जवेरिया. जिवणी हुबेहूब तुझी, तुझीच लेक. घरी बोलावलं, चार घावनं खाल्ली, मला मावशी म्हणाली. मी तिला तुझंच विचारत राहिले. तू अजून तोंडावर पदर न घेता मोठ्याने हसतेस का? इथे समुद्र पाच मिनिटांवर आहे. रोज फिरून येते, पण जिच्याशी भांडत चालावं असं शेजारी कोणी नाही.

जाता जाता तिने सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. बाहेरून एम.ए. करते आहे, शेवटचं वर्ष बाकी. आणि तुझा निरोप आलाय, मेमध्ये लग्न, शिक्षण पुरे, कारण तुमच्या घरात तिच्या दादाजींचा शब्द शेवटचा. त्यांच्यापुढे तू एकटी पडली असशील, हे मला कळतं. म्हणून मी येते आहे. गावी देवीची ओटी भरायला साठवलेलं तिकिटाला घातलं. देवी समजून घेईल. आमचे हे म्हणाले, "ते त्यांच्या घरचं, तू कोण?" मी बॅग भरली. येत्या वीस तारखेला सकाळी तुमच्याकडे पोचेन, तू नको म्हणालीस तरी. तुझ्या सासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, तेवढं मात्र कळव.

तुझीच,
दर्शी