मांडवात ओढलेली बंडी

मुंबई, १२ मे १९५३

तात्या,

वर 'तीर्थरूप' घालत नाही. तो मान तुम्हीच घालवलात. नवरदेवानं हळदीला उघडं बसायचं ही आपली रीत, हे मला ठाऊक होतं. मी हात जोडून म्हणत होतो, हळद हातापायांनाच लावा. पण तुम्ही सख्ख्या पुतण्याची बंडी मांडवभर बायकांसमोर ओढून काढलीत आणि हसलात, "आधी ह्याला चोळी शिवा!" मुलीकडच्यांनी त्याच दिवशी सोयरीक मोडली.

परवा इथल्या इस्पितळात ऑपरेशन करून छातीची ती वाढ काढली. डॉक्टर म्हणाले, ह्यात बायकी काही नाही, पुष्कळ पुरुषांना असतं. एवढं ऐकायला मला सव्वीस वर्षं लागली. आता तुमचा निरोप येतो, पुन्हा मांडव घालू, उघडा बस, गावाची तोंडं बंद होतील. गावाची? तोंड तुमचं सुटलं होतं!

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" मी नाही म्हणालो. मग आठवलं. आगाशीच्या वाडीत भर वैशाखात केळींना पाणी लावताना सगळे गडी लंगोटीवर असायचे. तुमच्या अंगातली बंडी कधी निघाली नाही. आजोबांच्या श्राद्धालाही उपरणं गच्च लपेटून बसायचात.

तुम्हाला आलेली पत्रं तुमची लेक मंदा ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. म्हणून हे टपालात टाकत नाही.

तुमची बंडी मी ओढणार नाही.

तुमचाच पुतण्या,
हरिश्चंद्र