सोबतचा आश्रित होण्यासाठी

प्रति,
मा. वेतन व नेमणूक अधिकारी,
सागरपंख हेलिकॉप्टर सेवा,
बेंगळुरू.

विषय: मला पत्नीच्या तुकडीत घेऊन माझा पगार कमी करण्याबाबत.
संदर्भ: परदेशी कर्मचारी वेतननियम, कलम चौदा.

महोदय,

मी, त्रिविक्रम मल्हारराव घाटगे, आपल्या पश्चिम आफ्रिकेतील तळावर देखभाल अभियंता आहे. माझी पत्नी नीरजा त्याच तळावर हेलिकॉप्टरची कॅप्टन आहे. समुद्रातील तेलविहिरींवर कामगारांना ती नेते-आणते. ती सुखरूप परत येईल अशा स्थितीत हेलिकॉप्टर ठेवणे हे माझे काम.

१. वेतनाची रचना आपणांसच समजावणे उद्धटपणाचे ठरेल. परंतु नातेवाइकांना सांगून सांगून ती मला पाठ झाली आहे. वैमानिकाची श्रेणी उड्डाणाच्या तासांवर वाढते, अभियंत्याची तो किती प्रकारच्या हेलिकॉप्टरांचा परवाना बाळगतो यावर. वर परदेशभत्ता, तोही तळावर हजर असेपर्यंतच. सहा आठवडे तिकडे, सहा आठवडे घरी. नीरजाचे तास माझ्या परवान्यांपेक्षा वेगाने वाढल्यामुळे तिचा पगार जास्त आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. हप्ते तिच्याच पगारातून जात असल्याने एचएसआर लेआउटमधील आमच्या फ्लॅटचीही नसावी.

२. कलम चौदानुसार पती-पत्नी एकाच तुकडीत असल्यास कमी पगाराचा जोडीदार 'सोबतचा आश्रित' ठरतो. त्याचा परदेशभत्ता थांबतो आणि तो देशांतर्गत श्रेणीत येतो. हे नुकसान टळावे म्हणून लग्नानंतर आपल्या कार्यालयाने आपुलकीने आम्हांस वेगवेगळ्या तुकड्यांत टाकले. मी आभार मानले, पेढेही पाठवले. तेव्हापासून ज्या विमानातून ती तळावर उतरते, त्याच विमानात मी चढतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन बसवंत याने तर मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मॅडमशी भांडण आहे का? स्वल्प ॲडजस्ट करून घ्या."

३. गेल्या महिन्यात मी घरी असताना नीरजाच्या हेलिकॉप्टरशी संपर्क तुटला. तळावरील मित्राने एवढेच कळवून फोन ठेवला. मी कार्यालयास विचारले. कर्मचारी म्हणून मी रजेवर असल्याने मला उड्डाणाची माहिती देता येत नव्हती, आणि पती म्हणून कळवावे असे अद्याप काही घडलेले नव्हते. दोन्ही उत्तरे नियमाला धरूनच होती. अडचण अशी, की त्या हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा मी तळावरून घरी निघण्यापूर्वी स्वतःच बसवला होता. त्याचा एकेक बोल्ट मी मनातल्या मनात पुन्हा आवळत स्वयंपाकघरात उभा राहिलो. गॅसवरची डाळ करपली, तेही मला शेजाऱ्यांनी सांगितले.

संध्याकाळी नीरजाचा फोन आला. धुके दाटल्याने ती वाटेतल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मवर उतरली होती.

"तुझा पंखा ठणठणीत होता रे," ती म्हणाली. "तू रडतोयस का?"

डाळीचा धूर झाल्याचे मी तिला कळवले.

४. त्यानंतर मी आश्रित होण्याचे ठरवले. इथेच बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहणाऱ्या माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपले पूर्वज घोड्यावर बसून इथं आले, आणि तू बायकोच्या हेलिकॉप्टरमागून आश्रित म्हणून जाणार?" मी "सरी, अण्णा" म्हणून कानडीत होकार भरला. त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी नीरजासाठी मेतकूट बांधून दिले.

५. तरी मला देशांतर्गत श्रेणीत, आश्रित या नात्याने, तिच्या तुकडीत घ्यावे. तिचे हेलिकॉप्टर उडताना आणि उतरताना मी तळावर असावे, एवढीच माझी अट आहे.

६. अर्ज लिहून झाल्यावर कळले, की मला न सांगता नीरजानेही आपणांकडे अर्ज केला आहे. कॅप्टनपद सोडून, सहवैमानिकाच्या पगारावर, माझ्या तुकडीत येण्याची तिची तयारी आहे. दोन्ही अर्ज मंजूर झाल्यास ती माझ्या तुकडीत आणि मी तिच्या तुकडीत जाऊ, आणि सर्व पूर्ववत होईल. सबब तिचा अर्ज कृपया फेटाळावा. तिने कारण विचारल्यास, नवऱ्याने हट्ट धरला, असे बेलाशक कळवावे.

आपला नम्र,
आश्रितपदाचा उमेदवार,
त्रिविक्रम घाटगे

बेंगळुरू
दि. ४ ऑगस्ट २०२५